खाऱ्या पाण्याच्या टाकीतील उपद्रवी समुद्रपुष्पे : ओळखीपासून बंदोबस्तापर्यंत

सोलापुरात गोड्या पाण्यातले मासे पाळणारे बरेच आहेत, परंतु खाऱ्या पाण्याची, म्हणजे मरीन टाकी ठेवणारे मोजकेच. त्यामुळे लाइव्ह रॉकवर, म्हणजे टाकीत ठेवलेल्या, सूक्ष्मजीव वसलेल्या समुद्री दगडावर, एके दिवशी तपकिरी, काहीसे पारदर्शक फूल उगवलेले दिसले की कोणाला विचारावे हेच नवख्याला कळत नाही. विक्रेत्याला फोन केला तर "असू द्या की, फुकटात ॲनिमोन मिळाला" असे उत्तर येण्याचा संभव जास्त. ॲनिमोन म्हणजे समुद्रपुष्प, फुलासारखा दिसणारा सागरी प्राणी. हे फूल बहुधा एप्टेशिया नावाचे उपद्रवी समुद्रपुष्प असते आणि त्याच्याकडे दुर्लक्ष केल्यास काही महिन्यांत ते सगळ्या दगडांवर पसरते. या विषयावरची बरीचशी माहिती थंड हवेच्या देशांतल्या, हवा तो जीव दुसऱ्या दिवशी घरपोच मिळणाऱ्या लोकांनी लिहिलेली असल्याने ती इथे जशीच्या तशी लागू पडत नाही. सोलापूरची हवा, पाणी आणि मुंबई-पुण्यापासूनचे अंतर लक्षात घेऊन उपायांचा क्रम कसा लावावा, ते खाली सांगितले आहे.

१. आधी ओळख पटवा

उपद्रवी म्हणून दोनच समुद्रपुष्पांची नावे वारंवार येतात. पहिले एप्टेशिया. त्याचा देठ लांब आणि लवचीक असतो, वरच्या चकतीभोवती बारीक, टोकाला निमुळत्या होत जाणाऱ्या स्पर्शकांचे कडे असते आणि रंग फिकट तपकिरी असतो. हा तपकिरीपणा त्याच्या शरीरात राहणाऱ्या एकपेशीय शैवालामुळे येतो. दुसरे मजानो. ते बुटके व जाड असते, त्याच्या स्पर्शकांची टोके फुगीर असतात आणि हिरवट अंगावर ती टोके पुष्कळदा गुलाबी दिसतात. दिसायला ते सुंदर असल्यामुळे नवखे लोक त्याला बबल टिप ॲनिमोन या हौसेने पाळल्या जाणाऱ्या समुद्रपुष्पाचे पिल्लू समजून जपतात, आणि ही समजूत पुढे महागात पडते.

खात्री करण्यासाठी दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन बसा आणि एक पातळ प्लास्टिकची काडी अगदी हळू त्याच्याजवळ न्या. एप्टेशियाला काडीचा स्पर्श झाला की ते क्षणात देठासकट दगडातल्या भोकात ओढले जाते आणि जागेवर तपकिरी ठिपका तेवढा उरतो. फार डिवचले गेल्यास त्याच्या अंगातून पांढरे, धाग्यासारखे तंतू बाहेर पडतात. हे दंश करणारे तंतू आहेत, घाण समजून त्यांना बोट लावू नये. नळीत राहणारे फेदर डस्टर जातीचे किडेही असेच झटकन आत जातात, परंतु त्यांची नळी बाहेरून दिसते आणि पसारा पिसासारखा असतो. ते निरुपद्रवी असल्याने त्यांना राहू द्यावे.

सर्वांत महत्त्वाचा फरक झोॲन्थिड आणि पॅलिथोआ यांच्याशी करायचा आहे. हे बटणासारखे दिसणारे, गटाने चिकटून वाढणारे जीव असून त्यांच्यापैकी काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते. हे जीव अंगावर असलेला दगड उकळल्यामुळे निघालेल्या वाफेने घरातली माणसे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत. म्हणून उपद्रवी जीव मारण्यासाठी लाइव्ह रॉक पातेल्यात उकळण्याचा सल्ला कोणीही दिला, तरी तो मानू नका.

२. खुडू नका, खरवडू नका, ब्रश लावू नका

हात शिवशिवतो, हे मान्य. तरीही एप्टेशिया वाढते कसे हे समजून घेतल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. हे समुद्रपुष्प दगडावरून सरकताना आपल्या तळव्याचे बारीक तुकडे मागे सोडत जाते आणि त्या प्रत्येक तुकड्यापासून काही आठवड्यांत नवे समुद्रपुष्प तयार होते. म्हणजे कोणी काही न करताही ते वाढतच असते. त्यात तुम्ही चिमट्याने ते तोडले, तर दगडाच्या छिद्रात राहिलेला तळवा पुन्हा फुटतो आणि सुटलेले तुकडे पंपाच्या प्रवाहाबरोबर टाकीभर जातात. खरवडल्यावर दोन दिवस दगड स्वच्छ दिसतो. महिन्याभराने मात्र त्याच जागी आणि तिच्या आसपास अनेक बारीक ठिपके दिसू लागतात.

उपासमारीने ते मरेल, अशीही आशा धरू नये. प्रकाशात ते शैवालाच्या साहाय्याने जगते आणि अंधारात, म्हणजे संप (मुख्य टाकीखालची पाणी गाळण्याची टाकी) किंवा पाइपच्या आतल्या भागात, तरंगत आलेले अन्न पकडून जगते. तिथे त्याचा रंग उडून ते पांढरट, जवळजवळ काचेसारखे दिसते, त्यामुळे नजरेतून सुटते. प्रवाळांवरील संशोधनासाठी प्रयोगशाळांमध्ये हेच एप्टेशिया मुद्दाम वाढवले जाते, कारण ते चिवट आहे आणि झपाट्याने वाढते. आपल्याला डोकेदुखी ठरणारे त्याचे गुण तेच आहेत.

३. मोजणी करा आणि मगच उपाय ठरवा

रात्री टॉर्चच्या उजेडात टाकीची चारही बाजूंनी पाहणी करा, दगडांचे ढोबळ चित्र कागदावर काढून जिथे जिथे समुद्रपुष्प दिसेल तिथे खूण करा. संप, ओव्हरफ्लोचा डबा (जिथून पाणी संपमध्ये उतरते), रिटर्न पंपाचे (संपमधले पाणी टाकीत परत पाठवणाऱ्या पंपाचे) तोंड आणि हीटरच्या मागची बाजू विसरू नका. हे काम कंटाळवाणे आहे, पण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असेल तर चुन्याची पेस्ट पुरेशी होते. सगळी समुद्रपुष्पे एकाच सुट्या दगडावर असतील तर तो दगडच बाहेर काढणे सोपे. ती सर्वत्र पसरली असतील, तर पेस्टने मोठी मोठी कमी करून उरलेल्यांसाठी त्यांना खाणारे प्राणी आणावे लागतात. परदेशी सल्ल्यांमध्ये प्राण्यांचा उपाय बऱ्याचदा पहिला सांगितलेला असतो. माझ्या मते सोलापुरात तो दुसरा असावा. त्याचे कारण सहाव्या पायरीत येईल.

४. लागणारे साहित्य

• शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच पेस्टसाठीचा चुना. मरीन छंदात ते काल्कवासर या नावाने मिळते. प्रयोगशाळेला रसायने पुरवणाऱ्या दुकानांतही मिळते.
• १ मिली आणि ५ मिलीच्या सिरिंज, शक्यतो बोथट सुयांसह. लांब सुई मिळाली नाही तर सिरिंजच्या तोंडाला एअर पंपाची बारीक, ताठ नळी बसवता येते.
• डोळ्यांवर पूर्ण बसणारा गॉगल आणि रबरी हातमोजे.
• आरओ-डीआयचे (क्षार काढून शुद्ध केलेले) पाणी, पीएच व अल्कलिनिटी (पाण्याची पीएच स्थिर ठेवण्याची क्षमता) तपासण्याचे किट, टॉर्च, सायफनची नळी आणि फक्त याच कामासाठी ठेवलेली बादली.

एप्टेशियासाठी बाजारात तयार औषधेही मिळतात आणि ती वापरण्यास सोयीची असतात, परंतु इथे ती मागवावी लागतात व बाटली लहान असते. पानाच्या टपरीवरची चुन्याची डबी किंवा ट्यूब मूळ रसायन तेच म्हणून वापरण्याचा मोह होईल. ती वापरू नये, कारण त्यात आणखी काय मिसळले आहे याचा भरवसा नसतो. आणि गॉगलची अट केवळ शोभेसाठी घातलेली नाही. चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबताना तो डोळ्यात उडून मुलांची दृष्टी गेल्याची उदाहरणे आपल्याकडे नेत्रतज्ज्ञांना चांगली परिचित आहेत. पेस्ट करताना लहान मुलांना खोलीत येऊ देऊ नका, आणि तरीही चुना डोळ्यात गेलाच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुऊन थेट डॉक्टर गाठा.

५. पेस्ट लावण्याची रीत

सुरुवातीला पीएच आणि अल्कलिनिटी मोजून लिहून ठेवा. नंतर रिटर्न पंप, वेव्हमेकर (टाकीत प्रवाह निर्माण करणारा पंप) आणि स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) बंद करा. पाणी पूर्ण स्थिर होईपर्यंत थांबणे आवश्यक आहे, कारण हलत्या पाण्यात पेस्ट लक्ष्यावर न बसता शेजारच्या प्रवाळावर जाऊन पडते.

चमचाभर कॅल्शियम हायड्रॉक्साइडमध्ये थेंबाथेंबाने आरओचे पाणी घालून ते मिसळा. पेस्ट ताकापेक्षा घट्ट आणि श्रीखंडापेक्षा सैल असावी. पातळ झाली तर ती पाण्यात ढगासारखी पसरते, घट्ट झाली तर सुईत अडकते, आणि मग जोर लावताच एकदम उडते. सिरिंज भरून तिच्या बाहेरच्या बाजूला लागलेला चुना पुसून घ्या.

आता घाई न करता समुद्रपुष्प पूर्ण उमललेले असताना सिरिंजचे टोक बाजूने, त्याच्यावर सावली पडणार नाही अशा बेताने जवळ आणा. ते मिटलेले असेल तर गोठवलेल्या मायसिसचा (माशांना खाऊ घालतात त्या कोळंबीसारख्या बारीक जीवाचा) एखादा कण त्याच्यावर सोडा. खाण्यासाठी ते स्पर्शक पसरते आणि मधले तोंड दिसू लागते. सुईचे टोक तोंडाच्या किंचित वर धरून पहिला थेंब अगदी सावकाश सोडा. स्पर्शक आत वळतात, पुष्कळदा पेस्टसकट मिटतात, आणि हेच आपल्याला हवे असते. ते आकसत असताना हात न हलवता वरून आणखी पेस्ट सोडत भोकाचे तोंड पूर्ण झाका. पहिल्याच झटक्याला घाबरून सुई मागे घेतली तर ते खोल जाऊन बसते आणि त्या दिवशी पुन्हा सापडत नाही. मजानो आकसून खोल जात नाही, त्यामुळे त्याला झाकणे सोपे असते, पण अंग जाड असल्याने पेस्ट जास्त लागते.

पंधरा-वीस मिनिटे पंप बंदच ठेवा. जिज्ञासू मासे पांढरा ढीग चाखायला येतात, त्यांना जाळीने लांब ठेवा. नंतर आधी रिटर्न आणि मग वेव्हमेकर सुरू करा. पृष्ठभागावर सुटी राहिलेली पेस्ट आणि मृत ऊती सायफनने बादलीत काढा आणि ते पाणी टाकीत परत घालू नका.

एका बैठकीत किती समुद्रपुष्पे मारावीत, याला मर्यादा आहे. कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या संपृक्त द्रावणाचा पीएच १२ च्या वर असतो, तर मरीन टाकीचा साधारण ८.१ ते ८.४ असावा लागतो. १ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड १०० लिटर पाण्यात पूर्ण विरघळल्यास अल्कलिनिटी सुमारे पाऊण डीकेएचने (डीकेएच हे अल्कलिनिटीचे एकक) वाढते. मोठ्या टाकीला हे सहज पचते, परंतु घरातल्या ६०-७० लिटरच्या टाकीत चमचाभर पेस्ट ओतणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय. लहान टाकीत तीन-चार समुद्रपुष्पांवर थांबा, अर्ध्या तासाने पीएच मोजा, तो ८.५ च्या पुढे गेला असेल तर त्या आठवड्यात पुन्हा पेस्ट लावू नका.

आठवड्याने त्याच जागा पुन्हा तपासा. काही ठिकाणी तळव्याच्या उरलेल्या भागातून बारीक फूल आलेले दिसेल आणि तिथे पुन्हा पेस्ट लावावी लागेल. हा उपाय एका दिवसात संपत नाही. लिंबाचा रस, व्हिनेगर किंवा गरम पाणी टोचण्याचे उपायही लोक सांगतात. ते बरोबर तोंडात गेले तर काम करतात, परंतु ते पातळ असल्याने जागेवर टिकत नाहीत आणि समुद्रपुष्प पुष्कळदा वाचते, म्हणून मी ते सुचवणार नाही. खोल भोकातल्या समुद्रपुष्पावर जेल स्वरूपातल्या सुपरग्लूने किंवा एपॉक्सी पुट्टीने बूच बसवता येते, मात्र दगड सच्छिद्र असेल तर ते दुसऱ्या बाजूने बाहेर येते.

दगड बाहेर काढता येत असेल तर तो टाकीबाहेर नेऊन समुद्रपुष्पाभोवतीचा भाग छिन्नीने थोडा सढळ हाताने उडवा. हे पाण्यात कदापि करू नये. पूर्ण दगडच भरलेला असेल आणि त्यावर ठेवण्यासारखे काहीही नसेल, तर तो गच्चीवर काही आठवडे वाळू द्या. एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या उन्हाइतके खात्रीचे साधन दुसरे नाही. त्यावरील सगळे जीव मेलेले असल्याने असा दगड थेट टाकीत परत टाकल्यास अमोनिया वाढतो. म्हणून वेगळ्या पिंपात खारे पाणी व पंप लावून अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत त्याला ठेवावे लागते.

६. एप्टेशिया खाणारे प्राणी

नवख्याने सुरुवात पेपरमिंट कोळंबीपासून करावी. ती लहान एप्टेशिया खाते, मोठ्यांच्या वाटेला जात नाही, आणि प्रत्येक कोळंबी खाईलच असेही नाही. तिला माशांचे खाणे भरपूर मिळत असेल तर ती समुद्रपुष्पाकडे ढुंकूनही पाहत नाही, म्हणून या काळात खाणे मोजूनच द्यावे. खरेदी करताना मोठा सापळा असतो तो कॅमल कोळंबीचा. पेपरमिंटचे अंग पारदर्शक असून त्यावर लाल रेषा असतात आणि पाठ साधी असते. कॅमलच्या पाठीला ठळक पोक असतो, लाल पट्ट्यांबरोबर पांढरे पट्टे व ठिपके असतात, डोळे मोठे असतात, आणि ती प्रवाळांवर ताव मारते. फोटो नव्हे, व्हिडिओ मागवा आणि पाठ पाहूनच पैसे द्या.

बर्घिया नावाची समुद्री गोगलगाय एप्टेशियाखेरीज काहीच खात नाही. ती रात्री फिरते, तिला कोळंबी व रास (wrasse) जातीचे मासे खाऊन टाकतात, म्हणून पेपरमिंट आणि बर्घिया एकत्र ठेवू नयेत. एक-दोन आणून उपयोग नसतो, गट आणावा लागतो, आणि परिणाम दिसायला महिने लागतात. एप्टेशिया संपले की ती उपाशी मरते, त्यामुळे त्या वेळी ज्याच्या टाकीत एप्टेशिया आहे अशा छंदवाल्याला ती देऊन टाकावी. मजानोवर ती निरुपयोगी आहे. कॉपरबँड बटरफ्लाय मासा एप्टेशिया खातो हे खरे, पण त्याला मोठी, जुनी टाकी लागते आणि तो दुसरे खाणे घेईलच असे नसते. अनुभव नसताना तो आणणे म्हणजे त्याचा जीव पणाला लावणे. फाइलफिशची एक जात एप्टेशिया खाते, मात्र ती प्रवाळांनाही कुरतडू शकते. पूर्वी टाकीत तांबेयुक्त औषध वापरले असेल तर कोळंबी किंवा गोगलगाय आणण्याचा विचारच करू नका, कारण तांबे दगडात व वाळूत मुरते आणि या जीवांना ते घातक ठरते.

आता सोलापूरची अडचण. हे जीव मुंबई-पुण्याहून येतात. उन्हाळ्यात इथले तापमान ४० अंशांच्या पार जाते, आणि पार्सल दुपारभर गोदामात किंवा मोटारीच्या डिकीत राहिले की कोळंबी वाचत नाही. म्हणून खरेदी दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीच्या आत करावी. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराचे दिवस सर्वांत चांगले. कुरिअरपेक्षा रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर थर्मोकोलच्या डब्यातून मागवणे जास्त सुरक्षित वाटते. घरी आल्यावर बारीक नळीने थेंब थेंब टाकीचे पाणी मिसळत त्यांना सावकाश सरावू द्या. क्षारतेतला अचानक बदल कोळंबीला माशापेक्षा जास्त बाधतो.

७. खाणे आणि पाणी

जास्तीचे खाणे हा या समुद्रपुष्पांचा खुराक आहे. गोठवलेले खाणे बर्फाच्या पाण्यासकट टाकीत ओतू नका. ते गाळणीत धुऊन मगच द्या. नायट्रेट व फॉस्फेट नियमित मोजा. नळाचे उजनीचे पाणी असो वा बोअरचे जड पाणी, आरओ-डीआयमधून काढल्यानंतर टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारे उपकरण) शून्य दाखवत असेल तेव्हाच ते वापरा. नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे असे पाणी झाकणाच्या पिंपात साठवून ठेवावे लागते. उन्हाळ्यात बाष्पीभवन भरपूर होते आणि क्षारता वर जाते, त्याची भरपाई गोड्या आरओ पाण्यानेच करायची असते, खाऱ्या पाण्याने नव्हे. इथल्या कोरड्या हवेत पाण्यावर लावलेला साधा पंखाही तापमान दोन-तीन अंशांनी उतरवतो. उष्णतेने प्रवाळ दगावले की मोकळी झालेली जागा एप्टेशिया सर्वांत आधी बळकावते.

८. दार बंद करणे

ही समुद्रपुष्पे लाइव्ह रॉक, प्रवाळाचे फ्रॅग (कापून विकलेले छोटे तुकडे) आणि समुद्री शेवाळ यांच्याबरोबर घरात येतात. नवा फ्रॅग आला की तो ज्या प्लगवर (छोट्या आधारावर) चिकटवलेला आहे तो प्लग शक्यतो कापून टाकावा, कारण समुद्रपुष्प पुष्कळदा त्याच्या खालच्या बाजूला दडलेले असते. बाजारात मिळणाऱ्या डिपने (ज्यात फ्रॅग बुडवून धुतात त्या औषधाने) किडे मरतात, एप्टेशिया सहसा मरत नाही. नवी वस्तू चार ते सहा आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवून रात्री टॉर्चने तपासावी. नव्याने टाकी उभारणाऱ्यांनी लाइव्ह रॉकऐवजी कोरडा दगड घेतला तर ही कटकट बऱ्याच अंशी टळते.

कागदपत्रांची बाजूही पाहा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश करण्यात आला. त्यामुळे कोकणच्या किनाऱ्यावरून सहलीची आठवण म्हणून जिवंत प्रवाळ किंवा प्रवाळाचा दगड उचलून आणणे हा गुन्हा ठरू शकतो. आयात केलेल्या प्रवाळांनाही २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणीचे नियम लागू होतात. विक्रेत्याकडून पक्के बिल आणि माल कोठून आला याचा कागद मागून घ्या. तो देण्यास खळखळ करणाऱ्याकडून माल घेऊ नका.

जाळी, चिमटे आणि सिरिंज दोन टाक्यांमध्ये सामाईक वापरू नका, वापरल्यास गोड्या पाण्याने धुऊन उन्हात कडक वाळवा. बादलीत काढलेल्या खाऱ्या पाण्यात थोडा चुना टाकून एक रात्र ठेवा आणि मगच ते मोरीत ओता, कुंड्यांना घालू नका.